शेजारच्या सीटवरचे ब्रेकमास्तर

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या गल्लीत सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. गाडी शिकवण्याच्या शाळेत त्यांची उभी हयात गेली. उभी कसली, बसूनच गेली म्हणायची, आणि तीही चालकाच्या शेजारच्या सीटवर. शाळेच्या गाडीत त्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, समोर अचानक सायकलवाला आला, की मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. भावजींचा पाय इतका तयार झाला होता, की आपण चुकतोय हे शिकणाऱ्याला कळायच्या आत गाडी थांबलेली असायची. धक्का नाही, कचका नाही. कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तशी थांबायची.

बोलणं अगदी मोजकं. "हळू." "अजून हळू." आणि मनासारखं झालं की "हां." या "हां"साठी शिकणारे जीव टाकायचे. आरसा पुसायचं एक पिवळं फडकं कायम शर्टाच्या खिशात. एरवी दातांतून बारीक शीळ घालत बसलेले असत.

पायाची सवय घरातही सुटली नाही. जेवताना कुणाच्या हातातला पेला कलंडायला लागला, की टेबलाखाली भावजींचा पाय दाबला जायचाच. माझी धाकटी जाऊ मला म्हणायची, "ताई, जपून वाढा हं. नाहीतर टेबल जागच्या जागी थांबेल."

भावजी हसायचे. रागावलेलं मी त्यांना फारसं पाहिलं नाही. वाईट वाटलं की मात्र ते उठून हात धुवायचे. जेवले असोत नसोत.

त्यांची लेक, आमची ठकी, परगावी इस्पितळात नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन पाहायचं, असं एक काम तिथे निघालं होतं आणि पोरीनं त्याचा ध्यास घेतला होता. "काकू, वॉर्डात माणूस म्हणजे खाट असते. घरी गेलं की तो माणूस असतो," असं मला एकदा म्हणाली होती. त्या कामाला इस्पितळाची छोटी गाडी मिळणार होती, पण चालवण्याचा परवाना हवा. आणि ब्रेकमास्तरांची लेक परवान्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आम्ही पानावर बसायच्या बेतात होतो. जाऊबाईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय झालं गं? चढावर गाडी मागे आली का?"

"नाही आई. सगळं छान चाललं होतं. समोर लाल दिवा होता. मला तो दिसत होता. आरशात बघितलं होतं, स्टिअरिंग नीट धरलं होतं. आणि मी वाट बघत राहिले."

"कसली वाट?"

"ब्रेक लागायची."

आमचे हे खो खो हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून गप्प झाले.

"मग गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मग परीक्षकांनी लावला. मागच्या वेळीही हेच झालं होतं, मी सांगितलं नव्हतं. बाबा, मला ब्रेक दाबायचा असतो हे डोक्याला माहीत आहे. पायाला माहीतच नाही."

भावजींनीच तिला शिकवलं होतं. अवघड जागी गाडी लावणं, चढावर निघणं, गर्दीतून वाट काढणं, सगळं तिला सुरेख यायचं. थांबायची वेळ आली की मात्र ब्रेक शेजारून यायचा. ज्या मुलीला कधी ओरखडाही उठू दिला नाही, तिला थांबणंच शिकवायचं राहून गेलं होतं.

"मी येतो तिकडे. शेजारी बसतो तुझ्या," भावजी म्हणाले.

"बाबा, तुम्ही शेजारी बसलात म्हणूनच तर..." ठकी थांबली.

भावजी उठले आणि हात धुवायला गेले. ताट अजून वाढायचं होतं.

परीक्षेची आणखी एकच संधी होती. तीही गेली तर ते काम दुसऱ्या नर्सला मिळणार होतं.

थोड्याच दिवसांत ठकीनं एक मोठं खोकं पाठवलं. आत खरंखुरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी ठेवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर आणि बोलायला-ऐकायला माईक-स्पीकर. तसंच दुसरं तिच्या खोलीवर. तिच्या इस्पितळातला संगणकवाला फावल्या वेळात हे खेळायचा, त्यानं जुनं सामान मिळवून दिलं होतं. याला सिम्युलेटर म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर रस्ता दिसतो, गाडी आपण चालवायची, आणि लांब बसलेली दुसरी माणसंही त्याच रस्त्यावर आपापल्या गाड्या घेऊन येतात. ठकीचा हिशेब सरळ होता. बाबा शिकवतील, पण त्यांच्या पायाशी तिचा ब्रेक नसेल.

आमच्या ह्यांनी स्टिअरिंग टेबलाला आवळून बसवलं. पायाकडचा भाग फरशीवरून सरकायचा, तो कपड्यांच्या कपाटाला टेकवला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला, की मी माळ घेऊन त्याच खोलीत खिडकीशी बसायची. जप तोंडात आणि डोळे पडद्यावर, असं व्हायला लागलं. देव समजून घेतो, अशी माझी समजूत आहे.

पहिल्या संध्याकाळी गाडी निवडण्यावरूनच जुंपली. ठकीनं एक लांबलचक, जमिनीला चिकटलेली लाल गाडी घेतली.

"बाबा, बघा तरी काय देखणी आहे!"

भावजींनी घेतली शाळेच्या गाडीसारखीच एक राखाडी, बुटकी गाडी. मग पडद्यावर 'मदत' म्हणून एक पान उघडलं. गिअर आपोआप पडायचे, ही एक मदत. जोरात निघताना चाकं घसरू द्यायची नाहीत, ही दुसरी. वळणावर गाडी गरगरू द्यायची नाही, ही तिसरी. रस्त्यावर रंगीत रेघ काढून दाखवायची, की गाडी अशी न्या. आणि सगळ्यांत शेवटी, वळण आलं की ब्रेक आपोआप लावायचा. ठकीनं सगळ्याच चालू केल्या.

"एवढी दांडगी गाडी घेतलीस म्हणून एवढी मदत लागते," भावजी म्हणाले. "पळवतंय इंजिन, आवरतेय मदत. मधे बसून तुझं काम काय?"

"मी छान दिसते."

"लहान गाडी घे. आणि एकेक मदत काढत जा."

"लहान गाडीत मजा नाही हो बाबा."

"मजा मागाहून येते. गाडी तुझं ऐकायला लागली की."

दोन-तीन दिवस तिनं लाल गाडी सोडली नाही. मदत काढली की ती भिंगरीसारखी गरगरायची आणि गवतात जाऊन उलट्या तोंडानं उभी राहायची. शेवटी एकदा तिचा आवाज आला, "द्या बाई तुमची ती बुटकी." त्यानंतर बापलेकींच्या दोन राखाडी गाड्या त्या रस्त्यावर मागे-पुढे धावायला लागल्या.

गंमत अशी, की भावजींना स्वतःला काही जमेना. सगळी मदत चालू असूनही त्यांची गाडी दर फेरीला एकाच बाजूनं भिंतीला घासायची. एकदा ठकीनं तिच्या पडद्यावरून त्यांच्या गाडीत डोकावून बघितलं आणि ती हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"आई! काकू! या लवकर! बाबांनी सीट सरकवून ठेवलीय!"

खेळात आपली बसायची जागा थोडी इकडेतिकडे करता येते. भावजींनी चित्र डोळ्यांना बरोबर वाटेपर्यंत ती सरकवत नेली होती, ती थेट शेजारच्या सीटवर. स्टिअरिंग एका कडेला, चालकाची जागा मोकळी, आणि भावजी आपले कडेला बसून गाडी हाकतायत.

"मला इथूनच रस्ता कळतो," भावजी ओशाळून म्हणाले.

"ताई, बघा," जाऊबाई म्हणाल्या, "संसारातही हे असेच. कडेला बसून म्हणायचं, हळू, अजून हळू. घाम मी गाळायचा."

त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. तो रस्ता एका तळ्याकाठून जायचा. झाडं होती, त्यांची पानं हलायची, पण वारा कुठून येतो ते कळायचं नाही. तिथला सूर्य बुडायला आला म्हणजे तसाच ठेवता यायचा. ठकीला सोनेरी ऊन आवडायचं, म्हणून तिथे कायम सोनेरी ऊन. आमच्या खिडकीबाहेर अंधार पडलेला असायचा आणि पडद्यावरचं ऊन माझ्या मण्यांवर येऊन थरथरायचं. डोंगराच्या पायथ्याशी घरं होती, पण त्या रस्त्यावरून कुणीच कधी घरी जात नव्हतं. सगळे पुन्हा जिथून निघाले तिथेच यायचे. कधी माझा डोळा लागायचा. मग झोपेत इंजिनाचा आवाज दूरच्या पाण्यासारखा वाटायचा, आणि पाणी मधेच "हळू" म्हणायचं.

मला सगळ्यांत लळा लागला तो त्या रेघेचा. रस्त्याच्या अंगावर ती पुढे पुढे पळायची. हिरवी असली की जा बिनधास्त, पिवळी झाली की सांभाळा, वळणाआधी लाल. मी रोज देवाकडे मागते तरी काय? हीच रेघ. या घरात कधी बोलावं, कधी गप्प बसावं, कुठे जोर लावावा, कुठे सोडून द्यावं, ते कुणीतरी समोर रंगवून द्यावं. ठकीनं ज्या दिवशी ती मदत बंद केली, त्या दिवशी डांबर एकदम काळं झालं आणि माझीच माळ थांबली. पण पोरीला अडचण आली नाही. ती म्हणाली, "काकू, रेघ होती तेव्हा मी रेघच बघत होते. आता तळं दिसतं."

हे वाक्य माळेत अडकून बसलं. कितीतरी दिवस जप करताना मधेच तळं दिसायचं.

गिअर तिनं हातात घेतले. घसरणं, गरगरणं, तेही तिचं ती सांभाळू लागली. राहिला तो आपोआप लागणारा ब्रेक. तो बंद केला आणि पहिल्याच वळणाला राखाडी गाडी सरळ तळ्याच्या कठड्यावर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी बाहेर पडलं आणि तिनं यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती धास्तावूनच. निघाली. वळण आलं. आणि गाडी अगदी बेतात आवरली, वळली, पुढे गेली.

"बाबा! जमलं!"

"हां," भावजी म्हणाले. पण त्यांचा "हां" मला नेहमीसारखा वाटला नाही.

मग रोजच जमायला लागलं. ठकी गाणं गुणगुणत गाडी चालवायची. जाऊबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. भावजी मात्र रोज जास्तच वेळा हात धुवायला लागले.

परीक्षा आठवड्यावर आली असेल. मी शेंगा सोलत बसले होते. भावजी स्वयंपाकघरात आले, शेजारी बसले आणि माझ्या टोपलीतल्या शेंगा सोलायला लागले.

"वहिनी, एक विचारू? तुमचा देव मदत करतो, ती सांगून करतो का?"

"नाही बाई. सांगितली तर ती मदत कसली?"

"मग माझं चुकलं नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. खेळात दोघांनी मिळून चालवायचं म्हणजे एक रूम उघडावी लागते. रूम ज्याची, नियम त्याचा. रूम भावजींची होती. ठकीनं आपल्याकडून ब्रेकची मदत बंद केली, तरी रूमच्या मालकानं सगळ्यांना सक्तीची ठेवली की ती चालूच राहते. आणि भावजींनी ती ठेवली होती. पोर रडली, ते ऐकवलं नाही. थोडी हिंमत येऊ दे, मग काढू, असं त्यांनी ठरवलं होतं. मग ती हसायला लागली आणि काढायची हिंमत त्यांचीच गेली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. भावजींच्या पायाशी तिचा ब्रेक नसावा म्हणून एवढा खटाटोप केला, आणि ह्या माणसानं तिथेही आपल्या बाजूला एक ब्रेक शोधून काढला होता.

"भावजी," मी म्हटलं, "देव सांगत नाही, कारण त्याला कुठे जायचं नसतं. तो काल होता, उद्याही शेजारीच असणार. तुम्ही परीक्षेच्या दिवशी त्या गाडीत असणार आहात का?"

भावजींनी टोपली जवळ ओढली. राहिलेल्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली, आणि त्या दिवशी हात न धुताच यंत्रापाशी जाऊन बसले.

"ठके, आज गाडी काढू नकोस. आधी ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस... सगळं तुम्हीच थांबवलंत?"

"मी नाही, मशीननं. पण ठेवलं मी होतं."

"तेच ते, बाबा."

तिनं यंत्र बंद केलं. जाऊबाई नवऱ्यावर इतक्या कडाडल्या, की आमचे हे पेपर घेऊन अंगणात जाऊन बसले.

त्यानंतर ठकी खेळात आली नाही. आईशी फोनवर बोलायची, ताप कुणाला आला, पाऊस पडला का, एवढंच. भावजी रोज संध्याकाळी रूम उघडायचे. ब्रेकची सक्ती काढून टाकलेली होती. सोनेरी उन्हात त्यांची बुटकी गाडी इंजिन चालू ठेवून सुरुवातीच्या रेषेवर उभी असायची. पानं हलायची. कुणी यायचं नाही. भावजी गाडी पुढेही काढायचे नाहीत. मी त्या दिवसांत त्यांच्यासाठी जप केला नाही, पोरीसाठी केला. पडद्यावरची ती एकटी गाडी डोळे मिटल्यावरही दिसायची आणि तिच्याभोवती हळूहळू सगळी खोलीच तळ्याच्या रंगाची होऊन जायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भावजी उगाच इकडेतिकडे बघत होते. अनोळखी लोकांच्या शर्यती चालतात, त्यांची नावं पडद्यावर लागतात. एका यादीत त्यांना 'ठकी' दिसलं. नावापुढे बुटक्या गाडीचं चित्र, आणि मदतीच्या रकान्यात काही नाही. तिथे शर्यत चालवायची नसेल तर नुसतं बघायला जाता येतं. बघणाऱ्याच्या हाती काहीच नसतं. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, रूम त्याची नाही.

भावजी आत गेले. मी जाऊबाईंना हाक मारली. आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो.

पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. ठकीनं लिहिलं होतं, "बघणाऱ्यांत तुमचं नाव दिसतंय मला. गप्प बसा."

भावजींनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत उत्तर दिलं. "गप्पच आहे."

शर्यत सुटली. मोठमोठ्या रंगीत गाड्या भसाभसा पुढे गेल्या. पहिल्याच वळणाला आमची राखाडी गाडी सरळ खडीत. जाऊबाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. भावजी हलले नाहीत. धूळ उडाली, गाडी कशीबशी रस्त्यावर आली. सगळ्यांच्या मागे.

दुसऱ्या फेरीला तिनं ब्रेक दाबला, पण फार आधी; गाडी वळणाच्या अलीकडेच मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. कुणी परका मागून भोंगा वाजवून गेला. पुढच्या वेळी उशीर झाला, एक चाक गवतात. मग कितीतरी फेऱ्या ती चुकत राहिली, पण दर वेळी थोडी वेगळी. शेवटी शेवटी मी वळण यायची भीती धरायचं विसरले. गाडीचं नाक हळूच खाली जायचं, गाडी दबायची, तळ्याच्या कडेनं फिरायची आणि पुढे निघायची. पोरगी दाबत होती. तिची ती.

ती शेवटून दुसरी आली. शेवटी आला तो एक लाल गाडीवाला, वाटेत गरगरून भिंतीला लागलेला.

भावजींनी "हां" म्हटलं नाही. पिवळं फडकं काढून त्यांनी पडदा पुसला. तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकीचा निरोप आला. "परीक्षकांनी पूर्ण वेळ हाताची घडी घातली होती. पास." जाऊबाई रडायला लागल्या, आमचे हे पुन्हा एकदा अंगणात गेले. भावजींनी तो निरोप वाचला, माझ्याकडून वाचून घेतला आणि मग म्हणाले, "वहिनी, चहा टाका बरं जरा."

काम तिला मिळालं. दोन महिन्यांनी सुट्टी काढून ती घरी आली, स्वतः गाडी चालवत. आल्या आल्या म्हणाली, "चला, तुम्हाला फिरवून आणते." आमचे हे घर राखायला राहिले. बापाशी अजून जरा जपूनच बोलत होती. भावजी पुढच्या दाराशी क्षणभर उभे राहिले, मग मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. पुढे जाऊबाई.

"आई, पट्टा लाव. आणि ओरडायचं नाही."

"मी कशाला ओरडू? त्या लाल दिव्याकडे बघ गं बाई!"

"दिसतोय, आई."

बाजार मागे पडला, पूल आला, मोकळा रस्ता लागला. ठकी थांबायची तिथे थांबत होती, निघायची तिथे निघत होती. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं आरशातून मागे बघितलं.

"काकू, बाबा काहीच का बोलत नाहीत? चुकतंय का माझं? रागावलेत?"

मी वळून बघितलं. भावजींची मान काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि बाहेरच्या झाडांच्या सावल्या एकामागून एक त्यांच्या चेहऱ्यावरून जात होत्या. इतकी वर्षं ओळखते, पण चालत्या गाडीत हा माणूस झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

"झोपलेत गं," मी म्हटलं.

जाऊबाईंनी मागे वळून बघितलं आणि त्या पुन्हा पुढे बघत बसल्या. थोड्या वेळानं घराकडे जायचं वळण आलं. ठकीनं आरशातून मला भुवयांनीच विचारलं, उठवायचं? मी मान हलवली, नाही. मग ती वळलीच नाही. तशीच सरळ पुढे गेली.